दप्तर स्वच्छ करणाऱ्यांस

२०२५ सालच्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्रात गावोगाव सातबाऱ्यांचे चावडीवाचन झाले. मयत खातेदारांची नावे कमी करून त्यांच्या वारसांची नावे लावावयाची, हा त्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचा पहिला हेतू. हिंगणघाट तालुक्यातील आमच्या अल्लीपुरातही लोक जमले होते, मीही होतो. नावे वाचली जात होती. कोणी “ते तं गेले” म्हणून सांगत होते, कोणी “हयात हाये, हा काय समोर बसला” म्हणत होते, आणि मधूनमधून हशा पिकत होता. काम चांगले चालले होते. पण उठता उठता एक शिकलेला तरुण समाधानाने म्हणाला, “बरं झालं, इतक्या वर्षांचा कचरा निघून राहिला. एकदा सगळं पुसून कोरं करा आणि नव्यानं लिहा!” आजूबाजूच्या दहापाच माना डोलल्या. त्या डोललेल्या मानांविरुद्ध हा लेख आहे.

गैरसमज होऊ नये म्हणून आरंभीच सांगतो, की ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणारा नव्हे. सातबाऱ्यावर कालबाह्य नोंदींचे रान माजले आहे हे मी नाकारीत नाही. १८८३ आणि १८८४ सालच्या इंग्रजी कायद्यांखाली दिलेल्या तगाईचे बोजे, बांधबंदिस्तीच्या कर्जाचे बोजे, कधीच मेलेल्या सावकाराचे नजरगहाण, अज्ञान मुलाच्या नावापुढचा ‘अपाक’ हा शेरा (आणि तो मुलगा आज नातवंडे खेळवीत असतो!), अशा नोंदी अजून तेथे बसून आहेत. शेतकरी पीककर्जाला जातो तेव्हा समोरचा माणूस त्या मेलेल्या नोंदीवर बोट ठेवतो आणि “हे आधी काढून आणा” म्हणतो. मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात अशा नोंदी काढण्याचे ठरले, ते योग्यच झाले. या नोंदी काढल्याच पाहिजेत.

माझे भांडण काढण्याशी नाही, पुसण्याशी आहे. काढणे आणि पुसणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि आपल्याकडे पहिलीच्या नावावर दुसरी सर्रास चालते. नोंद काढणे म्हणजे तिचा अंमल संपवून, तिच्यात जो अर्थ होता तो योग्य जागी नेऊन ठेवणे, आणि ती काय होती हे उद्याच्या माणसाला वाचता येईल अशी सोय करणे. पुसणे म्हणजे नुसते पुसणे. पहिल्याला अक्कल लागते, दुसऱ्याला ओला बोळा पुरतो.

एक उदाहरण घ्या. पुष्कळ सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘एकुमॅ’ अशी अक्षरे आढळतात. एकत्र कुटुंब मॅनेजर, असा त्याचा विस्तार. कुटुंब एकत्र होते, कारभार थोरला पाहत होता, म्हणून नाव त्याचे लागले. जमीन मात्र सर्वांची. आज कुटुंब एकत्र नाही, मॅनेजर नाही, पुष्कळदा थोरला भाऊही नाही. मग ही अक्षरे कालबाह्य खरीच. तेव्हा ती काढा. पण ती नुसती पुसली तर कागदावर काय उरते? थोरल्याचे नाव, एकट्याचे! जी अक्षरे निरुपयोगी म्हणून गेली त्यांच्यातच धाकट्या तीन भावांचा आणि त्यांच्या लेकराबाळांचा हक्क होता. या नोंदीच्या जागी सर्व वारसांची नावे यावीत, असाच मोहिमेचा उद्देश आहे. परंतु उद्देश फायलीत असतो आणि बोळा हातात असतो. कालबाह्य शब्द काढला की उरलेल्या शब्दांचा अर्थ जसाच्या तसा राहतो, ही समजूत मुळातच खोटी आहे. भिंतीतली वीट जुनी असली तरी ती काढण्यापूर्वी तिच्यावर काय टेकले आहे हे गवंडी पाहतो.

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझे आजोबा १९७१ साली वारले. फेरफार झाला तो तेव्हाच्या रीतीप्रमाणे: मुलांची नावे कब्जेदार सदरी, आणि आत्याचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी ही मुलाच्या बरोबरीची वारस झाली होती. पण गावाच्या दप्तराने तिला माजघरात न बसवता ओसरीवर बसवले. पुढे हस्तलिखित सातबारे संगणकात चढवले गेले तेव्हा एका कचेरीत आमच्या गटाच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील जुन्या ओळी गळल्या. त्यांत मेलेल्या तगाईचा बोजा होता आणि जिवंत आत्याचे नाव होते. दोन्ही गेले. ज्याने टंकन केले त्याच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणत नाही. त्याला तो रकाना अडगळीचा वाटला, एवढेच.

आत्याला हे कळले तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. तो छापील कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, “बापू, माह्यं नाव कुठी गेलं रे? मी तं अजून हाओ ना!” तिचा प्रश्न सोडवायला आम्हांला चौदा महिने लागले, आणि तो सुटला तो एकाच कारणाने. वडिलांच्या चोपडीत १९७१ च्या फेरफाराचा क्रमांक लिहून ठेवलेला होता. त्या क्रमांकावरून गाव नमुना ६ ची जुनी वही सापडली, वहीत नोंद सापडली, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनदोष दुरुस्त होऊन नाव परत लागले. तो क्रमांक नसता तर? वही पावसात भिजलेली असती तर? आत्याचा हक्क कायद्यात शाबूत राहिला असता आणि तिच्या हातात मात्र काही राहिले नसते.

यावर आमचे आधुनिक मित्र म्हणतात, “हे सारे हातलिखाणाच्या काळचे दोष. आता संगणक आहे. तो चुकत नाही.” या भाबडेपणाला काय म्हणावे? संगणक विसरत नाही ही गोष्ट खरी, पण त्याला विसरावयास सांगितले तर तो कारकुनापेक्षा हजारपट वेगाने आणि कोठेही डाग न ठेवता विसरतो. कारकुनाने खोडले तर खाली अक्षर दिसते. संगणकाने खोडले तर खाली काहीच नसते.

तेथे प्रकार असा घडतो. एका शेताची नोंद हे संगणकात एक गाठोडे असते आणि त्यात नावे दिलेले रकाने असतात. कार्यक्रम लिहिणारा एके दिवशी ठरवतो की अमुक रकाना आता नको, आणि तो आपल्या लिखाणातून काढून टाकतो. पण जुनी गाठोडी तर जुन्याच रकान्यांनिशी साठवलेली! नवा कार्यक्रम ती उघडतो आणि ओळखीचा नसलेला रकाना पाहून एक तर अडून बसतो, नाही तर त्याकडे दुर्लक्ष करतो. अडून बसला तर बरे, निदान बोंब होते. दुर्लक्ष केले तर खरा घात पुढेच आहे: तेच गाठोडे दुसऱ्या काही कामासाठी पुन्हा साठवले जाते तेव्हा तो अनोळखी रकाना वगळूनच साठवले जाते. कोणी पुसा म्हटले नव्हते, कोणी पुसलेही नाही, आणि तरी ते पुसले गेले!

हे मी मनाचे सांगत नाही. गूगलच्या लोकांनी माहिती साठवण्याची आणि पाठवण्याची ‘प्रोटोकॉल बफर्स’ नावाची एक पद्धत काढली आहे. तिच्या तिसऱ्या अवताराने आरंभी असेच केले होते: अनोळखी रकाना दिसला की टाकून द्या, सुटसुटीत काम. पण त्याचे परिणाम पाहून २०१७ साली, ३.५ या आवृत्तीत, त्यांना माघार घ्यावी लागली आणि आपल्याला न कळणारा रकानाही जसाच्या तसा सांभाळून पुढे देण्याची रीत परत आणावी लागली. त्याच पद्धतीत आणखी एक शिस्त आहे. प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो. रकाना काढला तर तो क्रमांक राखीव म्हणून लिहून ठेवावा, पुन्हा कधीही दुसऱ्या रकान्याला देऊ नये. कारण उघड आहे. जुन्या गाठोड्यात त्या क्रमांकाखाली कर्ज लिहिलेले असेल आणि नव्या कार्यक्रमाने तोच क्रमांक क्षेत्राला दिला असेल, तर कर्जाचे रुपये जमिनीचे हेक्टर होऊन बसतील! ज्यांच्या आधुनिकतेचे दाखले आमचे मित्र देतात, त्या लोकांना हे शहाणपण ठेच लागून आले. आपण ती ठेच पुन्हा कशाला खावी?

आणि ठेचाच मोजावयाच्या तर आपल्या वर्धा जिल्ह्याइतका जुना अनुभव कोणाला आहे? १८६२ साली नागपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा. मध्यप्रांताच्या मालगुजारी पद्धतीत येथली जमीन सीर, खुदकाश्त, मालिक-मकबूजा, मौरूसी अशा शब्दांनी ओळखली जाई. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. मग मध्यप्रदेशाच्या १९५४ च्या महसूल संहितेने ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ आणले. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्राची संहिता लागू झाली आणि भूमिस्वामी, भूमिधारी जाऊन भोगवटादार वर्ग १ व वर्ग २ आले. दप्तर लिहिणाऱ्याला आम्ही पटवारी म्हणत होतो, सरकार तलाठी म्हणू लागले, आणि २०२४ पासून तो ग्राम महसूल अधिकारी झाला. एका माणसाच्या आयुष्यात एकाच वावराने इतकी नावे पाहिली. प्रत्येक वेळी मागचा शब्द कालबाह्य झाला. पण आजचे शेत वर्ग २ मध्ये का आणि ते विकताना परवानगी का लागते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्या कालबाह्य शब्दातच असते. ज्याला ‘भूमिधारी’ म्हणजे काय हे वाचता येत नाही, त्याला आजचा ‘वर्ग २’ही नीट वाचता येत नाही.

शब्दांचे सोडा, आकडे पाहा. मध्यप्रांतात एकराचे दशांश लिहीत; मुंबईकडे आणि वऱ्हाडात एकराचे चाळीस गुंठे. आता जुन्या कागदावर ३.२० असे लिहिले आहे. वर्ध्याचा कागद असेल तर ते तीन पूर्णांक वीस शतांश एकर, म्हणजे १.२९५ हेक्टर. गुंठ्यांच्या मुलखातला असेल तर तीन एकर वीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर, १.४१६ हेक्टर. फरक बारा गुंठ्यांचा! आकडा तोच. तो कोणत्या मापाचा एवढे सांगणारा एक बारीक शब्द मथळ्यात होता; मथळा जुना म्हणून गेला की आकडा अनाथ झाला.

किंवा हिश्शांचे घ्या. जुन्या कागदांत हिस्से आणे-पैत लिहीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तीन भावांत सारखी वाटणी झाली तर प्रत्येकाची पाच आणे चार पै, म्हणजे ६४ पै, बरोबर एक तृतीयांश. धूळही उरत नाही. १ एप्रिल १९५७ पासून नाणे दशमान झाले ते चांगलेच झाले. पण तोच हिस्सा नव्या पैशांत लिहू गेलात तर ३३ पैसे आणि पुढे तीन-तीन-तीन. तिघांचे ३३ मिळून ९९ होतात. उरलेला एक पैसा कोणाचा? तो बांधावर भांडण होऊन उभा राहतो. म्हणून नवे माप लिहिताना जुना हिस्सा शेजारी राहू द्या, हे सांगणारा माणूस प्रगतीचा शत्रू ठरत नाही.

“पण जुने कोणाला लागते?” हा सवाल मला नेहमी टाकला जातो. उत्तर द्यावयास मला दूर जावे लागत नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या दप्तरांत ‘झुडपी जंगल’ अशी एक नोंद आहे. झुडपांची, गुरे चारावयाची, पिकाला न येणारी पडीक जागा, असा तिचा गावातला अर्थ. कोणाही नीटनेटक्या माणसाने तिला अडगळ म्हटले असते. पण १९८० साली वनसंवर्धन कायदा आला, १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी दप्तरात जे वन म्हणून लिहिले असेल तेही वनच धरावे असे सांगितले, आणि त्या दोन शब्दांतला ‘जंगल’ हा शब्द जागा झाला. तोवर त्या जमिनींवर घरे, शाळा, कचेऱ्या, स्मशाने उभी होती. शेवटी २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने या जमिनी वन मानल्या आणि १९९६ च्या त्या तारखेपूर्वी ज्या दिल्या गेल्या त्यांच्यासाठी मंजुरीची वाट ठेवली. सुमारे ८६ हजार हेक्टरांचा प्रश्न! निकाल कोणाला रुचला, कोणाला नाही, हा येथे विषय नाही. विषय एवढाच, की नोंद टिकली आणि अर्थ मात्र सोबत टिकवला गेला नाही, म्हणून वाद दशकानुदशके चालला. आणि नोंदच पुसली असती तर वाद करावयासही काही हाती उरले नसते.

दुसरे उत्तर याहून नाजूक आहे. पूर्वी गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत जातीचा रकाना असे. समतेचे राज्य आले, रकाना नकोसा झाला, आणि त्यामागची भावना मला पूज्य आहे. पण जातीचा दाखला मागताना अनुसूचित जातीच्या मुलाने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातीच्या मुलाने ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांच्या मुलाने २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयाने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा आणावा असा दंडक आहे. तो आणावयाचा कोठून? त्याच जुन्या रकान्यातून! २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमावी लागली तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मोल आले. लिपी शाळेतून काढली, ठीक. पण ती वाचणारा डोळाही आपण जवळजवळ काढून टाकला होता. ज्यांच्या घरी कागद जपावयाला कपाट होते त्यांचे निभावले. ज्यांच्या घराला छप्पर नव्हते त्यांचा एकमेव पुरावा सरकारी दप्तरात होता, आणि त्याच दप्तराला आपण कचरा म्हणतो.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. “जुन्याला हातच लावू नका” म्हणणारे महाभाग काही कमी नाहीत. त्यांचा युक्तिवाद वरून माझ्यासारखा दिसतो, पण त्याची मुळे आळसात आहेत, कधी त्याहून वाईट जागी आहेत. जेथे दहा मेलेल्या नोंदींखाली एक जिवंत नोंद दडलेली असते तेथे ती वाचून दाखवणाऱ्याचा भाव वाढतो. गोंधळ हेच ज्यांचे भांडवल त्यांना स्वच्छता कशी मानवेल? माझी आत्या पुसणाऱ्यांमुळे जशी अडली तशी दुसरी एखादी बाई न काढणाऱ्यांमुळे अडते. नवरा जाऊन वीस वर्षे झाली तरी कागदावर तोच जिवंत, आणि ही मात्र कोठेच नाही. तेव्हा या मंडळींचा पाठिंबा मला नको.

मग करावे काय? करण्यासारखे आहे, आणि ते थोडेफार झालेही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यात काही बदल झाले. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावरून जुडी, कुळ, खंड असे तेथे अर्थ न उरलेले रकाने गेले. ते काढणे होते. मयत खातेदार आणि फिटलेले बोजे पूर्वी कंसात दाखवीत, त्यांच्यावर आडवी रेघ आली. रेघेखालचे अक्षर वाचता येते, म्हणून ती रेघ मला प्रिय आहे. आणि जुन्या फेरफारांच्या क्रमांकांना शेवटी स्वतंत्र रकाना मिळाला. ज्या क्रमांकासाठी आम्ही वडिलांची चोपडी धुंडाळली तो आता कागदावरच असावा, ही सोय ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार!

हीच रीत सर्वत्र पाळा, एवढे माझे मागणे. नोंद काढण्यापूर्वी तिच्यावर काय टेकले आहे ते पाहा, आणि तो अर्थ आधी योग्य रकान्यात न्या: एकुमॅ काढण्यापूर्वी भावांची नावे, ‘इतर हक्क’ झाडण्यापूर्वी बहिणींची नावे कब्जेदार सदरी. काढलेल्या नोंदीची तारीख, हुकूम आणि जुना क्रमांक राहू द्या. गेलेल्या रकान्याचे नाव वा क्रमांक दुसऱ्या कामाला लावू नका. संगणकातल्या प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या नमुन्याच्या काळची हे लिहिलेले असू द्या, आणि जुना नमुना वाचणारा कार्यक्रम नवा आला म्हणून फेकू नका. जुन्या शब्दांचा आणि मापांचा एक कोश तालुक्याच्या कचेरीत लोकांना पाहता येईल असा ठेवा. मूळ वह्यांची छायाचित्रे घेतली म्हणून वह्या रद्दीत घालू नका. यांतल्या एकाही गोष्टीला अफाट खर्च लागत नाही.

चावडीतल्या त्या तरुणावर माझा राग नाही. त्याला कोरा कागद आवडतो, कारण त्याचे नाव त्या कागदावर वरच्या ओळीत येणार आहे. ज्यांची नावे खालच्या ओळीत, कोपऱ्यात, ‘इतर’ म्हणून लिहिली गेली, त्यांना कोऱ्या कागदाची धास्ती वाटते आणि ती खरी आहे. म्हणून पुढच्या चावडीवाचनाच्या दिवशी त्याने एकच करावे. कोणती नावे लावली हे जसे मोठ्याने वाचतात, तशा कोणत्या नोंदी काढल्या आणि त्यांचा अर्थ कोठे नेऊन ठेवला, हेही मोठ्याने वाचावयास लावावे. आत्या आता नाही. पण तिच्यासारख्या बायका अल्लीपुरात अजून आहेत, आणि त्या वाचनाला येऊन बसतील.